राजासमोर मिटलेलं तोंड

४ नोव्हेंबर, मंगळ.
हार्लेमच्या चर्चमध्ये तालीम. दोनशे गायक, डच राजा-राणीसमोर गायचं म्हणून सगळ्यांच्या माना ताठ. शेवटी राजाची स्तुती. त्यातला एक स्वर एवढा लांब की एका दमात कुणालाच पुरत नाही. शेजारणींनी वाटून घ्यायचा : एक श्वास घेते, तेव्हा दुसरी स्वर धरते. माझी जोडीदार रीट. सत्तरी ओलांडलेली, न्यूमोनियातून नुकती उठलेली. गायकवृंदाचा कंडक्टर तिला वगळणारच होता. "ही धरेल की माझ्यासाठी," तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी मान डोलावली.

८ नोव्हें., शनि.
इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ. विषय कुठलाही असो, मी राजेशाहीवर येतेच. "जन्माने कुणी कुणाचा राजा होत नाही! त्या स्तुतीला माझं तोंड मिटलेलं असेल!" टाळ्या.
घरी परतताना नवरा, सुहास : "अगं, मग जातेस कशाला?"
"बाकीचं संगीत राजाचं नाही."
"चकल्या संपल्या, तुझं भाषण संपेना."
रीटचा विचार मनात आला नाही. खरंच आला नाही.

१६ नोव्हें., रवि.
काल कार्यक्रमात शेवटी स्तुती सुरू झाली, मी तोंड मिटलं. राजा एवढा लांब बसलेला, त्याला काय दिसणार! मग तो स्वर. रीटने धरला. तिची श्वास घ्यायची वेळ आली, तशी भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं : आता तू. मी तत्त्व धरून उभी. तिने आणखी ओढला. मग खोकला. ऐन शेवटाला, अख्ख्या चर्चमध्ये तो एकच आवाज, थांबेचना. तिला धरून बाहेर न्यावं लागलं. तेव्हाही मी गायले नाही. तेव्हा तत्त्वबित्त्व काही नव्हतं. घाबरले होते, बस.
मंडळाच्या ग्रुपवर कुलकर्णी वहिनी : "राजासमोर मौन! आमची वाघीण!" खाली अंगठ्यांची रांग. फोन पालथा घातला.

१८ नोव्हें., मंगळ.
कंडक्टर सगळ्यांदेखत रीटला म्हणाला, "मी तुला सांगत होतो." ती : "चूक माझीच. झेपलं नाही मला." मी खुर्चीला खिळलेली. एरवी माइक दिसला की जीभ आवरत नाही.
कॉफीच्या सुट्टीत गाठलं. "रीट, मी गात नव्हते."
"माहीत आहे. कानाशीच तर होतीस."
"राजासाठी गायचं नव्हतं, म्हणून..."
"राजा मलाही नकोच आहे, मुली. आधी सांगायचंस. पलीकडच्या बाईशी जोडी केली असती."
एवढंच. रागावली असती तर मी वाद तरी घातला असता.

२४ नोव्हें., सोम.
कंडक्टरची सर्वांना मेल. नाताळच्या कार्यक्रमाला रीटने गायला नव्हे, ऐकायला यावं. भाषा अगदी गोड.
उद्या तालमीत उठून बोलायचं ठरवलंय. डचमधलं वाक्य तयार : चूक रीटची नव्हती. सुहासला म्हणून दाखवलं.
"मग कुणाची?"
अजून त्या पुढच्या वाक्यावर अडलेय.