शिट्टी वाजण्याआधी

प्रिय बाबा,

उद्या दुपारी छावणीतल्या फौजी कॉलेजची फायनल आहे. दादा कॅप्टन आहे. या वेळी आत जायचा पास माझ्याकडे आहे, म्हणून आज लिहायला बसलो. उद्यानंतर हे लिहून उपयोग नाही.

पास कसा मिळाला ते आधी सांगतो. तुम्ही गेलात त्या सीझनला कॉलेजची टीम एकही मॅच हरली नाही. त्या टीमची नावं हॉलमधल्या बोर्डावर लिहायची होती, आणि दादाने तिथल्या साहेबांना माझं नाव सुचवलं. त्या कामासाठी मिळालेला पास अजून चालतो. सागाच्या फळीवर पांढऱ्या रंगात लिहिली सगळी. एकही अक्षर पुसावं लागलं नाही. तुम्ही पाहिलं असतं तर म्हणाला असतात, "ब्रश बरा धरतो हा." दादाला तुम्ही कधी बरा म्हणाला नाहीत. त्याला तुम्ही शेर म्हणायचात.

मिलच्या गेटला कुलूप लागलं तेव्हा तुम्ही साफ सांगितलंत, दोघांतला एकच शिकेल. दादाच्या पायात फुटबॉल होता. माझ्याकडे काय होतं? शुद्धलेखन! मी पेंटरच्या दुकानात लागलो. मिलच्या भिंतीवर आता थंड पेयाची उंच बाटली आहे, बाबा. ती मीच रंगवली. तुम्ही माग चालवायचात त्या साचेखात्याच्या खिडक्यांवरून तिचा फेस ओघळतो.

मिलच्या टीमचे तुम्ही कॅप्टन आणि गोपाळकाका गोली, हे आम्ही भाषा शिकलो तसं शिकलो. तुमचा नियमही पाठ होता. टीम जिंकत असताना घरची बातमी मैदानात येत नाही. काकांची आई गावी, सांवेरला वारली त्या दिवशी फायनल होती. काकांचा मेहुणा सायकल मारत निरोप घेऊन आला. तुम्ही त्याला लिंबाखाली बसवलंत, हातात चहाचा कप दिलात, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत उठू दिलं नाहीत. काकांनी त्या दिवशी एकही गोल होऊ दिला नाही. मग टांग्यात बसल्यावर, गळ्यात हार असताना, तुम्ही त्यांना सांगितलंत. ते सांवेरला पोहोचले तेव्हा चिता विझत आली होती.

ही गोष्ट तुम्ही दर दसऱ्याला सांगायचात. लोक सोनं द्यायला आले की, काकांच्या देखत. शेवटी म्हणायचात, "इसको बोलते हैं डिसिप्लिन, भिया." सगळे माना डोलवायचे. काका मांडीवर हात ठेवून ऐकायचे. त्या हातांकडे तुम्ही कधी पाहिलंत का? गोलीचे हात, आणि इतके शांत!

मिल गेल्यावर काकांना त्याच फौजी कॉलेजात काम मिळालं. टीमचे बूट, जर्सी, जाळ्या त्यांच्या ताब्यात. बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत, त्यामुळे दादाला निरोप द्यायचा तर काकांकडेच द्यावा लागायचा.

दवाखान्यात डॉक्टरांनी हात टेकले, त्या सकाळी तुम्ही मला म्हणालात, "मिलिंदला बोलाव." मी टेम्पोने राऊ गाठलं, तिथून दुसऱ्या टेम्पोने छावणी. काका गेटवर आले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. तुम्हाला किती त्रास होतोय, शुद्ध आहे का, सगळं आपुलकीने विचारलं. मग म्हणाले, "उद्या फायनल आहे. ती होऊ दे."

मी म्हणालो, काका, ते दादाची वाट बघताहेत.

"बघणारच. पण नियम त्यांचाच आहे बेटा, मी कसा मोडू?"

मला निरोप बदलून सांगता येत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी आलो आणि शब्द न् शब्द सांगितला. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. बऱ्याच वेळाने म्हणालात, "बरोबर आहे त्याचं."

मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी मला उठवलंत ते तुम्हीच. "परत जा. गोपाळला म्हणावं, माझाच नियम आहे ना? मी मोडला."

मी गेलो, बाबा. आतून बँडचा आवाज येत होता. काकांनी तुमचं म्हणणं ऐकलं, मान हलवली, आणि मला गेटजवळच्या लिंबाखाली बसवलं. शेजारी बंदूकवाला शिपाई. काकांनी माझ्या हातात चहाचा कप दिला. "गरम आहे, सावकाश पी," म्हणाले.

तेव्हा मला कळलं मी कोणाच्या जागी बसलोय.

आत आरडाओरडा झाला. दादाने गोल केला होता. शिट्टी वाजली, हार घातले, आणि काका त्याला जीपमध्ये बसवून गेटवर घेऊन आले. मी मागे चढलो. जीप सुटल्यावर त्यांनी त्याला सांगितलं. दादाने गळ्यातला हार काढला. मग त्याने विचारलं, "बाबांनीच सांगितलं असेल ना, मॅचनंतर कळवा म्हणून?"

"और कौन बोलेगा?" काका म्हणाले. मी तेव्हाच ते खोडून काढायला हवं होतं.

आम्ही पोहोचलो तेव्हा तुम्ही नव्हतात. आई मला एकट्याला म्हणाली, शेवटपर्यंत दाराकडे बघत होतात. ती उशाशी बसली होती हो! तिच्याशी एक शब्द तरी बोलायचात. मलाही तुम्ही टेम्पोने धाडलंत, आणि शेवटी तुमच्याजवळ दोघांतला कोणीच नव्हता.

या दसऱ्याला तुमच्या खुर्चीवर दादा बसला. गोष्ट आता तो सांगतो. शेवटच्या घटकेलाही बाबांनी मला बोलावलं नाही, म्हणतो. डोळे कोरडे, आवाज तुमचा. "इसको बोलते हैं डिसिप्लिन." लोकांनी माना डोलवल्या. काका मांडीवर हात ठेवून ऐकत होते.

मी त्यांना मोरीपाशी गाठलं. म्हणालो, दादाला खरं काय ते सांगायला हवं.

हात धूत म्हणाले, "सांग ना. पण आत्ता नको. टीम जिंकतेय."

टीम या सीझनलाही हरलेली नाही, बाबा. हरेपर्यंत थांबायचं? दादाला सुखाची झोप लागते. कॉलेजात तुमचं नाव आदराने घेतात. तुम्हाला हेच हवं होतं, असं सगळ्यांना वाटतं. दाराकडे बघणारे तुम्ही फक्त आईला, काकांना आणि मला माहीत आहात. मला ते पुरत नाही. तुम्ही दादाला शेर केलंत, आता तुमचं ते दाराकडे बघणं तरी त्याच्या अंगावर पडू दे.

उद्या पास दाखवून मी आत जाईन. काका चहा देतील, तो घेणार नाही. टीम मैदानात उतरायला रांगेत उभी राहील, सगळ्यात पुढे दादा. शिट्टी वाजण्याआधी मी त्याच्या कानाशी जाईन आणि सांगेन: बाबांनी तुला बोलावलं होतं. दोनदा.

मग त्याला जसं खेळता येईल तसं खेळू दे. हे मी करणार, बाबा. तुमची शपथ.

तुमचा धाकटा,
सुधीर