कुंकू लावलेली हत्यारं

अकोला, खंडेनवमी, १९६६

नर्सचा गणवेश उतरवला तरी किळस जात नाही. कापसाच्या जिनात उजव्या हाताची, बोट वाकवणारी कंडरा तुटलेली सरूबाई शस्त्रक्रियेसाठी सकाळपासून उपाशी. कंडरेच्या जागी रबरी सळई बसवायची नवी हत्यारं डॉक्टरांनी पूजेत मांडलेली. कुंकवासकट!

"पूजेतली हत्यारं आज उचलत नाहीत," पेढा खात ते म्हणाले.

"मंग तुमचे हात बी पूजेतच ठेवाचे होते, सायेब," सरूबाई म्हणाली. "पेढा कायले खाऊन राहिले?"

संध्याकाळी जिनमालकाचा जावई आला, जुनं आखडलेलं बोट घेऊन. डॉक्टरांनी स्वतः कुंकू पुसलं. म्हणे, देव समजून घेतो. मग सकाळी देवाला काय झालं होतं?

सळई एकच होती. ती जावयाला गेली.

सरूबाईनं शिदोरी सोडली. डाव्या हातानं भाकर मोडू लागली. मोडेना.