साउथहॅम्प्टनला जायचा सोपा रस्ता

६ सप्टेंबर १९८७, रविवार. नॉटिंगहॅम

सुप्रभा आणि उल्का आज साउथहॅम्प्टनला गेल्या. स्टेशनवर कोणी रडलं नाही. रडण्यासारखं काही नाहीच. सुप्रभाला तिथल्या हॉस्पिटलात सीनियर फिजिओथेरपिस्टची पोस्ट मिळाली, उल्काला शाळा मिळाली, मला तिथल्या लॅबमध्ये जागा मिळाली की मीही जाणार. तोवर दर वीकेंडला मी. इंग्लंड म्हणजे काय, केवढासा देश! कुठूनही निघा, तीन तासांत समुद्र.

संध्याकाळी टाइमटेबल घेऊन बसलो. बर्मिंगहॅमला बदलून एक रस्ता, लंडनवरून दुसरा, कोचने, म्हणजे लांबच्या बसने, तिसरा. प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. सुप्रभाला फोन करून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, ते राहू दे. तुम्ही अर्ज कधी करताय?"

करणार. आधी वाहतुकीची घडी बसू दे.

१९ सप्टेंबर, शनिवार

पहिला वीकेंड कामामुळे गेला. आज कोचने निघालो. लंडनला व्हिक्टोरियाला कोच बदलायचा होता. मध्ये भरपूर वेळ होता म्हणून चहा घेतला. वेळ भरपूर आहे असं वाटलं की तो कमी का होतो, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा.

पुढच्या कोचने पोहोचलो तेव्हा जेवणं झाली होती. माझं ताट झाकून ठेवलेलं. उल्का झोपलेली. रविवारी दुपारी परत, कारण रविवारची सर्व्हिस बेभरवशाची.

निष्कर्ष: कोच नको. ट्रेन.

३ ऑक्टोबर, शनिवार

ट्रेन उत्तम. इतकी आरामाची की डोळा लागला. जाग आली ती बोर्नमथला. समुद्रकिनारा फार सुंदर. तिथून साउथहॅम्प्टनला उलटं यावं लागलं. उल्काच्या शाळेत दुपारी कॉन्सर्ट होती, तीत ती व्हायोलिन वाजवणार होती. वाजवलं म्हणे. छान झालं म्हणे. मी तिला म्हटलं, आता मला एकट्याला वाजवून दाखव. ती म्हणाली, "बाबा, व्हायोलिन शाळेत आहे. तो घरी नाही येत."

तिच्या मराठीकडे लक्ष द्यायला हवं. तिथे गेलो की रोज अर्धा तास.

निष्कर्ष: दुसऱ्याच्या वाहनावर अवलंबून राहण्यातच चूक. स्वतःची गाडी हवी.

१६ ऑक्टोबर, शुक्रवार

रात्री दक्षिणेत प्रचंड वादळ झालं. रेडिओवर दुसरं काही नाही. झाडं पडली, छपरं उडाली. साउथहॅम्प्टनचा फोन लागत नाही. लॅबमध्ये हातातून स्लाइड पडून फुटली. उद्या पहिल्या गाडीने निघणार. काहीही होवो.

१७ ऑक्टोबर, शनिवार

पहिल्या गाडीने निघालो. (हे नोंदवून ठेवण्यासारखं.) लंडनच्या वॉटरलू स्टेशनवर पोहोचलो तर बोर्डावर नुसता गोंधळ. एकाने सांगितलं गाड्या नाहीत, दुसऱ्याने सांगितलं दुपारी बघू. मी बाकावर बसलो. संकटात डोकं शांत ठेवणं महत्त्वाचं. चार वाजेपर्यंत शांत ठेवलं आणि मग परत फिरणंच शहाणपणाचं, असं ठरवलं.

घरी आल्यावर फोन लागला. दोघी सुखरूप. दारात झाड आडवं पडलं होतं. शेजारच्या रेखाताई आणि सुप्रभा दोघींनी मिळून करवतीने फांद्या कापल्या. मी विचारलं, माझी वाट पाहायची नाही का? ती म्हणाली, "अहो, दार उघडत नव्हतं."

एक वाजल्यापासून गाड्या सुरू झाल्या होत्या, असंही तिच्याकडूनच कळलं. बोर्ड माझ्या पाठीमागे होता.

८ नोव्हेंबर, रविवार

गाडी घेतली! सेकंडहँड, विटकरी रंगाची. लायसन्स नाही, पण गाडी दारात असली की लायसन्स आपोआप येतं. मित्र अतुल शेजारी बसून शिकवणार. अतुल बस चालवतो, त्यामुळे त्याला वाटतं त्यालाच सगळं कळतं. म्हणाला, "विनय, तू गाडी कशाला घेतलीस? अर्ज कर, नोकरी घे, तिकडे राहायला जा. मग जायला गाडीच लागणार नाही."

बस चालवणाऱ्याला प्रवासातली गुंतागुंत कशी कळणार. ठरलेला रस्ता, ठरलेले स्टॉप.

१५ डिसेंबर, मंगळवार

टेस्टमध्ये फेल. एक्झामिनरने 'अनड्यू हेझिटेशन' लिहिलं. म्हणजे उगाच थांबणं. राउंडअबाउटच्या गोल चौकात मी सगळ्यांना आधी जाऊ देत होतो. या देशात सभ्यतेची ही किंमत.

सुप्रभाला सांगितलं. ती म्हणाली, जानेवारीत लॅबची जागा निघतेय, तिने स्वतः चौकशी केलीय. अर्ज तिनेच भरून मला पाठवलाय. मी फक्त सही करायची.

बायको असावी तर अशी. नंतर लिहितोय: सही केली. नऊ दिवसांनी, पण केली.

११ फेब्रुवारी १९८८, गुरुवार. साउथहॅम्प्टन

आज इंटरव्ह्यू. दुपारी दोनला.

सगळं चोख केलं होतं. सूट इस्त्रीचा. बर्मिंगहॅमला प्लॅटफॉर्म आधीच पाठ. गाडीत वेळेवर चढलो, जागा मिळाली. समोर एक म्हातारी बाई होत्या, रेडिंगला मुलीकडे निघालेल्या. त्यांना मी या देशातल्या कनेक्शन्सबद्दल बरंच सांगितलं. त्या कौतुकाने ऐकत होत्या. रेडिंगला गाडी बराच वेळ थांबते हे मला माहीत होतं, म्हणून त्यांची बॅग उतरवून दिली. बॅग जड होती, म्हणून जिन्यापर्यंत नेली. मग टॅक्सीपर्यंत. परत आलो तर प्लॅटफॉर्म रिकामा. माझी फाइल आणि कोट गाडीबरोबर साउथहॅम्प्टनला पुढे गेले.

मी पोहोचलो पावणेचारला. खोलीत फक्त एक सेक्रेटरी कप गोळा करत होती. सॉरी म्हणाली. फार चांगल्या स्वभावाची.

घरी गेलो. सुप्रभाने अर्ध्या दिवसाची रजा घेतली होती. तिला सगळी हकीकत सांगितली, म्हातारीची नक्कलसुद्धा करून दाखवली. ती भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "जेवलात का?"

पुरणपोळ्या होत्या. मी चार खाल्ल्या. ती रागावली नाही, हे विशेष. वीस वर्षांच्या संसारात माणूस माणसाला ओळखतो तो असा.

६ मार्च, रविवार

एक छोटी पण आनंदाची गोष्ट. फोनवर सुप्रभा मला 'विनय' म्हणाली. 'अहो'चं 'विनय' झालं आणि 'तुम्ही'चं 'तू'. "विनय, तू या महिन्यात नाही आलास तरी चालेल." एवढ्या वर्षांत पहिल्यांदा नावाने हाक. लांब राहिल्याने जवळीक वाढते म्हणतात ते उगाच नाही.

अतुलला सांगितलं. गिअर बदलताना क्लच दाब, एवढंच म्हणाला.

९ एप्रिल, शनिवार. ट्रेनमध्ये, परतताना

उल्का आज चौदा वर्षांची झाली.

बेत असा होता: फेरी टर्मिनलवर अकराला भेटायचं, तिघांनी बोटीने आइल ऑफ वाइट बेटावर जायचं, तिकडे फिश अँड चिप्स, संध्याकाळपर्यंत परत. फोनवर बेत मीच केला. सुप्रभा म्हणाली होती, "नक्की येणार असशील तरच तिला सांगते." मी म्हटलं, सांग.

स्टेशनवर वेळेत उतरलो. पण भेटवस्तू छान कागदात बांधायची राहिली होती, म्हणून दुकानात गेलो. मग बस चुकीच्या दिशेची. टर्मिनलवर आलो तेव्हा दीड वाजला होता, अकराची बोट गेलेली, साडेअकराचीही गेलेली. तिकिटवाल्याने सांगितलं, पिवळा अनोरॅक (टोपीचं जाकीट) घातलेली मुलगी आणि साडीवर कोट घातलेली बाई बराच वेळ उभ्या होत्या, मग बाराच्या बोटीने गेल्या. वाटलं, तिकडे गाठू. पुढची बोट धरली.

वारा फार होता. मी डेकवर उभा होतो, कारण लवकर दिसावं. अर्ध्या वाटेत समोरून परत येणारी बोट आली. अगदी जवळून गेली. तिच्या कठड्याशी पिवळा अनोरॅक.

मी दोन्ही हात हलवले. ओरडलो, "उल्का! उल्काऽऽऽ!" बाजूचे लोक बघायला लागले. मग तेही हात हलवायला लागले, कारण बोटीवर सगळेच सगळ्यांना हात करतात. तिकडूनही बरेच हात हलले. तिचा होता की नाही कळलं नाही. पाण्यावर दोन पांढऱ्या रेघा राहिल्या आणि त्याही गेल्या.

बोटीला मध्येच वळता येत नाही. मी विचारून पाहिलं.

पलीकडे उतरून लगेच परतीची बोट घेतली. घरी पोहोचलो तर उल्काच्या मैत्रिणी जमलेल्या, आत गाणी चाललेली. ती दारात आली. मी वॉकमन दिला. हॅपी बर्थडे म्हटलं. ती म्हणाली, "थँक्स, बाबा. आम्ही तिकडे दोन बोट थांबला. आई बोलला, आता येईल, आता येईल. मग मला थंडी झाला."

मी म्हटलं, मी तुला पाहिलं, हात पण केला. ती म्हणाली, "ओह. तो तू होता?"

म्हणजे तिनेही पाहिलं होतं. दिवस अगदीच वाया गेला नाही.

डोळ्यांत खारा वारा गेल्याने अजून पाणी येतंय.

२२ मे, रविवार

शुक्रवारी टेस्टमध्ये तिसऱ्यांदा फेल. पुन्हा हेझिटेशन.

सुप्रभाचा फोन आला. आवाज शांत होता. म्हणाली, "विनय, मला वेगळं राहायचंय." मी म्हटलं, अगं, राहतोच आहोत की वेगळे, एवढ्या लांब. म्हणूनच तर गाडीचं बघतोय. ती म्हणाली, "तसं नाही." मी म्हटलं, जुलैत टेस्ट आहे, पास झालो की प्रश्नच मिटला. ती मग म्हणाली, "तुला ऐकू येतंय ना?"

लाइन उत्तम होती. का विचारलं कळलं नाही.

१२ जुलै, मंगळवार

पास!! पास!!!

राउंडअबाउटला एक फट दिसली आणि मी सरळ घुसलो. एक्झामिनरने भुवया उंचावल्या आणि पास केलं. अतुलने पाठीवर थाप मारली. मग म्हणाला, "जाण्याआधी फोन कर तिला." नाही. सरप्राइज. शनिवारी सकाळी निघणार, दुपारच्या जेवणाला तिथे. आता कोणावर अवलंबून नाही.

नवीन संकल्प: ऑगस्टपर्यंत घर विकायला काढायचं. लॅबमध्ये नोटीस. तिथे काहीही नोकरी, अगदी काहीही.

१६ जुलै, शनिवार. साउथहॅम्प्टन, गाडीत

M1, मग A43, मग A34. एकही वळण चुकलो नाही. मध्ये चहाला थांबलो नाही. साडेबारा वाजायच्या आत त्यांच्या दारात. उतरून गाडीकडे पाहिलं आणि खरोखर ऊर भरून आला.

सुप्रभाने दार उघडलं. हातात फरशी पुसायचं फडकं. तिने आधी मला पाहिलं, मग गाडी. मी म्हटलं, बघ, वेळेच्या आधी. ती म्हणाली, "कोणी ठरवली होती वेळ?"

आत बसवलं. चहा केला. उल्का वर होती. मी घराचं, नोटिशीचं, सगळं एका दमात सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग समोरच्या खुर्चीत बसली आणि अगदी हळू बोलली, जशी पेशंटशी बोलते.

"विनय, त्या इंटरव्ह्यूच्या दिवशी मी पुरण घातलं होतं. तुला जागा मिळणार असं तिथल्या साहेबांनी मला जवळजवळ सांगितलं होतं. संध्याकाळी आपण तिघं एक घर बघायला जाणार होतो. चावी माझ्या पर्समध्ये होती. तू आलास आणि त्या बाईंची नक्कल करून दाखवलीस. तेव्हा मला कळलं, तुला यायचंच नाहीये."

मी म्हटलं, असं कसं म्हणतेस? मी दर वेळी निघालो.

"हो," ती म्हणाली. "दर वेळी निघालास."

बाहेर गाडीचं इंजिन थंड होताना टिकटिक आवाज येत होता. मला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं, तिथे एक फट होती. मी थांबलो. ती उठली आणि कप घेऊन गेली.

उल्का खाली आली. उंच झालीय. म्हणाली, "बाबा! तू कार चालवतो?" तिला मैत्रिणीकडे जायचं होतं, पंधरा मिनिटांच्या चालीवर. मी म्हटलं, सोडतो. सुप्रभाने दारातून होकाराची मान हलवली.

पुढच्या सीटवर बसली. पट्टा लावला. माझ्या गाडीतली ती पहिली पॅसेंजर, अतुल सोडून. रस्ता तीच सांगत होती. लेफ्ट, मग राइट. मी अगदी सावकाश चालवलं. ती म्हणाली, "तू चांगलं चालवतो." मग म्हणाली, "आई रडत होता, फेब्रुवारीत. खूप. आता नाही रडत." मग, "इथे, बाबा. इथे थांब."

थांबलो. तिने गालाला गाल लावला आणि पळत गेली. दार उघडलं, आतून कोणीतरी हसलं, दार लागलं.

त्याच जागी अजून उभा आहे. मागची गाडी वाट काढून गेली. आज परत जाऊन सुप्रभाशी नीट बोलावं, असं मनात आहे. पण तिची फरशी अर्धी राहिली होती.

१७ जुलै, रविवार. नॉटिंगहॅम

बोललो नाही. तिथूनच निघालो.

परतताना एकदाही रस्ता चुकलो नाही.