हस्तिदंती रंगाचा तिसरा हात

हामेल्न, १९ जून

आदरणीय हेडविगताई,

हार्टमुटचा नमस्कार. (वाकून केला असता, पण गुडघे अजून गाडीखालीच आहेत असं समजा.) तुमची कंबर काय म्हणते? हुझुमला वारा फार, स्वेटर घालत जा. इकडे मी ठणठणीत. तुमची बहीण, म्हणजे माझी बायको गेरलिंडे, तीन आठवडे तुमच्याकडे राहिलीय म्हणून माझं काही अडलंय, असा समज असेल तर तो काढून टाका. बटाटे मला उकडता येतात.

गेरलिंडेनं तिची बाजू सांगितलीच असेल, आता माझी ऐका. आमच्या कॅम्पर गाडीचं इंजिन मागे असतं. (तुम्ही एकदा ते पुढे शोधत होतात, मी कुणाला सांगितलेलं नाही.) मार्चमध्ये बॅटरीखाली नखाएवढा गंज दिसला. आता तिथे रंग लावायचा तर इंजिन काढायला हवं, आणि काढलंच आहे तर सगळा कप्पाच का रंगवू नये? कुणीही शहाणा माणूस हेच करेल. इंजिन स्वयंपाकघरात ठेवलं, कारण गॅरेजमध्ये धूळ. तिनं त्यावर मेणकापड घालून दोन महिने भाजी चिरली, तेव्हा तक्रार नव्हती, हे ध्यानात ठेवा. रंग मूळचाच हवा, फिकट हस्तिदंती. तो किती फिकट, यावर आमच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात सहा आठवडे खडाजंगी. त्यात रविवारी आवाज करायचा नाही, हा नियम. एका रविवारी मी नुसता पॉलिश पेपर खिशातून काढला, तर शेजारचे वोल्टर्स कुंपणाशी येऊन उभे.

रंगाचा तिसरा हात नेमका अठ्ठावीस मेला आला. हवा वीस अंश, वारा नाही. असा दिवस वर्षात एकदा मिळतो. दुर्दैवानं आमच्या लग्नाला पस्तीस वर्षंही त्याच दिवशी झाली. पाहुणे चारला आले, मी साडेसहाला, भुवया हस्तिदंती. केक संपला होता. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं शांतपणे विचारलं, "हार्टमुट, या गाडीत आपण शेवटचं कधी झोपलो?"

मी म्हणालो, आत्ता कसं झोपणार, इंजिन तर स्वयंपाकघरात आहे. ताई, हे उत्तर चुकलं, एवढं मलाही कळलं. नऊ वर्षं झाली, ही गाडी दर दोन वर्षांनी तपासणीला जाते, पास होते आणि घरी येते. बस्स. तिनं बॅग भरली.

मग मी इंजिन बसवलं आणि तपासणीला गेलो. तपासनीस क्रूझे कप्पा पाहून हरखले, असं काम बघितलं नाही म्हणाले, आणि मग विचारलं, गाडीचा चॅसी नंबर कुठे आहे? तो त्याच कप्प्यात पत्र्यावर ठोकलेला असतो. मी त्यावर तीन हात मारले होते, इतके निगुतीनं की बोटालाही लागेना. गाडी नापास. गेरलिंडेच्या कपाटात नखांचा रंग पुसायचं औषध राहिलं होतं. त्यानं एकेक आकडा मोकळा केला. आता तिथे तळहाताएवढा डाग आहे. क्रूझे म्हणाले, कागदपत्रं घेऊन या, शिक्का मारतो, त्याशिवाय गाडी रस्त्यावर काढायची नाही.

बाकी क्षेम.

आपला,
हार्टमुट

ता. क. कागदपत्रं गेरलिंडेच्या निळ्या पर्समध्ये आहेत. तेवढी टपालानं पाठवाल का? पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. ते खोटं आहे. पाठवू नका. मी तुमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडीत बसून हे लिहितोय. शिक्का नाही, कागद नाहीत, तीनशे किलोमीटर आलो. आयुष्यात लाल सिग्नलसुद्धा तोडला नव्हता. पत्र तुमच्या दारातल्या पेटीत टाकतो आणि परत गाडीत येऊन बसतो. मागे दोघांचं अंथरूण घातलंय. येतेस का, एवढंच तिला विचारा. मी विचारलं तर पुन्हा काहीतरी इंजिनाचंच बोलून बसेन.