फळीवरची रिकामी आकृती

११ मार्च

प्रिय उस्ताद,

नमस्कार. अक्षर ओळखलं असेल; तरी शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल फाडा. माझे गुडघे गेले, दात गेले, शाळेतल्या कविता तेवढ्या राहिल्या. सकाळी गच्चीवर त्याच म्हणत बसतो. सूनबाई ओरडते, "बाबा, शेजारी झोपलेत हो!" हँगरमध्ये तुम्ही म्हणायचात, "साहेब, विमानाला यमक नको, नट घट्ट हवा." किती हसायचो आपण!

हवाई तळावरून आमंत्रण आलंय. विमानांच्या देखभालीतल्या 'निष्कलंक सेवे'बद्दल माझा सत्कार. तो शब्द वाचला आणि तोंडात जळकं तेल आल्यासारखं झालं. मुलगा कार्ड गल्लीभर दाखवत फिरतोय.

तुमच्या ताब्यातली हत्यारांची फळी आठवते? प्रत्येक हत्यारामागे त्याची आकृती रंगवलेली. संध्याकाळी एक जरी आकृती रिकामी दिसली, तरी हत्यार आत राहिलं असेल म्हणून विमान जमिनीवर. त्या दिवशी लांब दांड्याचा तो छोटा आरसा नव्हता. तीन दिवस आपण अख्खं विमान उसवलं. तुम्ही एकच सांगत होतात, "मी परत लावला होता हो, साहेब!"

लावलाच होतात. दुपारी मी तो काढला, इंजिनामागची एक नळी बघायला. बाहेर आलो तर ढग असे उतरलेले, की सातवीतली कविता आठवली. ती गुणगुणत आरसा कोटाच्या खिशात टाकला. चौथ्या दिवशी तो फाटक्या अस्तरात हाताला लागला.

चौकशीचा अहवाल टेबलावर होता. बढतीची यादी त्याच आठवड्यात लागायची होती. मी खिशाची गुंडी लावली आणि 'मेकॅनिकचा निष्काळजीपणा' या शब्दांखाली सही ठोकली.

तुमची नोकरी गेली. ती सही कुणाची हे तुम्हाला ठाऊक नव्हतं; निघताना माझाच हात धरून म्हणालात, "साहेब, तुम्ही तरी माझ्यासाठी भांडलात." आणि मी मान डोलावली. थू!

मागच्या महिन्यात तुमच्या सायकलदुकानापर्यंत आलो होतो. समोरच्या फुटपाथवरून पाहिलं. भिंतीवर तशीच फळी, तशाच आकृत्या. कोपऱ्यात लांब दांडा, गोल डोकं. त्यावर काहीच टांगलेलं नाही. सायकलीला कुठे लागतो तसला आरसा? भेकडासारखा परत फिरलो.

आज तळाच्या प्रमुखांना सगळं लिहून कळवलं. नक्कल सोबत आहे. आरसाही पुरावा म्हणून त्यांच्याकडेच धाडला, तेव्हा तुमची ती जागा रिकामीच राहील. सत्काराला नकार दिलाय. मुलाला अजून सांगितलेलं नाही. हे पत्र पेटीत टाकून आलो की सांगेन. माफी मागत नाही. मागायला तोंड लागतं.

उड्डाणाआधी वहीत मी रोज लिहायचो, 'तपासलं, उडण्यास योग्य.' स्वतःला तपासायला एवढी वर्षं लागली.

उडण्यास अयोग्य,
तुमचा एकेकाळचा साहेब