रबरी नळीचं दुसरं टोक

चिंचवड, सोमवार, १८ नोव्हेंबर १९५७

संध्याकाळपासून काहीच वाटत नाही. वाईटसुद्धा नाही. हाताला अजून पेट्रोलचा वास आहे.

आमच्या गॅरेजात येणाऱ्या एका साहेबांच्या दोन सीटच्या इंग्रजी गाडीला दोन कार्बोरेटर आहेत. दोन्हींनी हवा सारखी ओढली तरच इंजिन नीट पळतं. म्हादू मिस्त्रींनी वर्षभर मला हेच शिकवलं. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी, आणि दोन्हींचा आवाज एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा.

आज मागचा कार्बोरेटर मी मुद्दाम बिघडवून ठेवला. मिस्त्रींबद्दल बरेच दिवस संशय होता. का केलं असं? खात्री करून काय मिळालं?

इंजिन चालू करून म्हटलं, "मिस्त्री, बघा जमलंय का."

त्यांनी नळी कानाला लावली, डोळे मिटले. दुसरं टोक मडगार्डवरून खाली लोंबत होतं, कार्बोरेटरपासून हातभर लांब. तरी ते बराच वेळ ऐकत राहिले.

"सारखं हाय," म्हणाले, आणि हात धुवायला गेले. मी घाईघाईनं स्क्रू जागेवर आणला. साहेब येऊन गाडी घेऊन गेले, खूश होते.

मग मिस्त्रींनी नळी गुंडाळून माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडंच. मागचा स्क्रू किती फिरवलास?"

"पाव फेरा."

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला ते पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.