अण्णांची सीट

आई,

गाडी घेऊन सरावाला हेब्बाळपर्यंत जाते आहे. रघुपतीकाका शेजारी बसतील. काल तू विचारलंस, "हे गेले, आता आफ्रिकेत गाडी कोण चालवणार गं?" अण्णांच्या जागी मी चालवीन. शेषगिरीमामाला नैरोबीला तसं कळवलं आहे. तिकिटं रद्द करू नकोस. तिथल्या अभयारण्यात गाडीतून उतरू देत नाहीत, म्हणून तासन्‌तास चालवायची सवय करते आहे.

दुपारी आफ्रिकेसाठी लागणारी पीतज्वराची लस टोचून घ्यायची आहे. माझ्यासाठी थांबू नकोस, जेवून घे. अण्णांची दुर्बीण कुणाला देऊन टाकू नकोस.

तुझी उशी मी नेली आहे, पाठीशी घ्यायला. सीट अण्णांच्या पायांच्या बेताने मागे आहे, माझा पाय क्लचपर्यंत पोचत नाही. सीट पुढे सरकवता येते. सरकवली नाही.

कावेरी